पाठमोरी

एलेओनोरा दूझे या इटालियन नटीने आयुष्यात एकच चित्रपट केला. १९१६ साली तुरिनच्या अम्ब्रोझिओ कंपनीने काढलेल्या त्या मूकपटाचे नाव ‘चेनेरे’, म्हणजे राख. लांबी अर्ध्या तासाहून थोडी अधिक. जगातल्या थोर नटींची नावे घेताना जिचे नाव पहिल्या दोघी-तिघींत येते, तिचे हलते-चालते रूप म्हणून आज आपल्या हाती उरले आहे ते एवढेच.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी निराश झालो, हे आधीच कबूल करतो. नावाजलेल्या नटीचे चित्र म्हटले की आपण तिचा चेहरा शोधतो. तो इथे मिळत नाही. ती दूर असते, कडेला असते, डोक्यावरचे वस्त्र कपाळावर ओढलेले असते, आणि ऐन प्रसंगी ती आपल्याकडे पाठ फिरवते. भोवतीचे नट मात्र कॅमेऱ्यापुढे पुरेपूर अभिनय करीत असतात. चित्रपट संपला तेव्हा मनात आले, की हिची एवढी कीर्ती म्हणजे जुन्या लोकांची अतिशयोक्ती तर नसेल? आमच्या घरातली वडीलमंडळी बालगंधर्वांविषयी बोलू लागली, की शेवटी ‘तुम्ही ते पाहिलेच नाही’ या वाक्यावर गाडी थांबे. त्या वाक्याला उत्तर नसते आणि पुरावाही नसतो. इथे तर पुरावा समोर होता आणि त्यात बाई दिसत नव्हती.

काही महिन्यांनी पुन्हा पाहिला. मत बदलले, पूर्ण नव्हे, पण बरेच.

गोष्ट साधी आहे. ग्रात्सिया देलेद्दा ही सार्डिनिया बेटावरची लेखिका. पुढे तिला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या १९०४ सालच्या कादंबरीवरून हे कथानक घेतले आहे. रोझालिया ही गरीब खेडवळ बाई एका विवाहित माणसाच्या नादी लागून फसते. मूल होते. दारिद्र्याने हैराण होऊन ती त्या पोराच्या गळ्यात एक ताईत बांधते, त्याला बापाच्या दारी नेऊन सोडते आणि नाहीशी होते. मुलगा शिकतो, मोठा होतो, चांगल्या घरची मुलगी त्याला सांगून येते. पण आईचा शोध त्याच्या मनातून जात नाही. ती सापडते तेव्हा म्हातारी, खंगलेली असते. वाग्दत्त वधूला ही सासू नको असते. आपण मुलाच्या वाटेतली धोंड आहोत हे आई ओळखते आणि स्वतःला संपवते. ताइताच्या आत राख, तेच नाव. आपल्या जुन्या संगीत नाटकात शोभेल असे हे कथानक आहे, आणि त्या काळी ते अश्रूंच्या पुरात बुडवणे अवघड नव्हते.

दूझेचा जन्म १८५८ चा, फिरत्या नाटकवाल्यांच्या घरातला. आईबाप नट, आजोबा नट. बालपण बैलगाडीतल्या पेट्यांवर गेले म्हणतात तसलेच. पुढे ती रशियापासून अमेरिकेपर्यंत फिरली, आणि सगळीकडे इटालियनमध्येच बोलली. समोरच्या बहुतेकांना ती भाषा येत नसे. १८९१ च्या मार्चमध्ये पीटर्सबर्गला चेकॉव्हने तिची क्लिओपात्रा पाहिली आणि घरी येऊन बहिणीला पत्र लिहिले. मला इटालियन येत नाही, पण तिचा एकेक शब्द समजतो आहे असे वाटले, अशा अर्थाचे ते पत्र आहे. चेकॉव्ह तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि त्याची मोठी नाटके अजून लिहून व्हायची होती. पुढे त्याच्या नाटकांतली माणसे मनातले बोलायचे टाळून भलत्याच गोष्टी बोलत राहतात, याची आठवण इथे होते. अर्थात हा माझा तर्क.

चेकॉव्हचे ते पत्र वाचताना परदेशातल्या वाचकाला नवल वाटत असेल. आपल्याकडे वाटू नये. आमच्या गल्लीत एक कानडी आजी होत्या. मराठी त्यांना भाजीबाजारापुरते येई. लहानपणी त्यांनी गंधर्व कंपनीचा खेळ पाहिला होता, आणि रुक्मिणी कशी उभी राहिली, पदर कसा सावरला, हे त्या कानडीतून आम्हा पोरांना सांगत. पदे त्यांना एकही येत नव्हते. त्या सांगत तो सगळा खांद्याचा, मानेचा आणि बोटांचा तपशील असे. सीमेवरच्या गावांतून हे पूर्वापार चालत आले आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यानंतर. भाषा ओलांडून नाटक पोचते हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. प्रश्न आहे तो नेमके काय पोचते याचा.

दूझेच्या बाबतीत बर्नार्ड शॉने त्याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. १८९५ च्या जूनमध्ये लंडनला एक दुर्मीळ योग आला. सारा बर्नार आणि दूझे या दोघींनी त्याच दिवसांत, त्याच शहरात, झुडरमानच्या नाटकातली माग्दा ही एकच भूमिका केली, एकीने फ्रेंचमध्ये, दुसरीने इटालियनमध्ये. शॉने दोघींची तुलना करणारा लेख लिहिला आणि सरळ दूझेची बाजू घेतली. त्या लेखात एका प्रसंगाचे वर्णन आहे. माग्दाला पूर्वी फसवून गेलेला माणूस बऱ्याच वर्षांनी भेटायला येतो. ती धीटपणे बोलायला बसते, आणि बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर लाली चढू लागते. ती ओळखून ती आणखी संकोचते, आणि शेवटी तोंड लपवते. रंगभूषेची लाली नव्हे, खरीच. ही लाली रोज रात्री आपोआप येते काय, असे कुतूहल शॉला वाटले होते. दूझे रंग लावत नसे, म्हणूनच ते दिसू शकले.

हा प्रसंग मूकपटाच्या कॅमेऱ्यापुढे ठेवून पाहावा. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल वस्तू काळपट उमटे. गालावर चढलेली लाली तिथे डाग म्हणून उमटली असती. म्हणून मूकपटातले नट चेहऱ्यावर पांढऱ्याचे थर देत आणि डोळे काजळाने कोरून काढत. म्हणजे जिचा सगळा अभिनय कातडीखालून वर येणारा, तिने कॅमेऱ्यापुढे एक तर मुखवटा चढवायचा, नाही तर काळवंडलेले दिसायचे. शिवाय आवाज नाही. दूझेकडून आवाज आणि लाली काढून घेतल्यावर काय उरते? ‘चेनेरे’ पाहताना हाच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

सारा बर्नारने या प्रश्नाचा फार विचार केला नाही. ती धाडसी बाई. १९०० सालीच पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिने हॅम्लेटच्या द्वंद्वाचा तुकडा चित्रित करू दिला होता, स्वतः हॅम्लेट होऊन. आपल्याकडे पुरुष स्त्री-भूमिका करीत, ती उलट दिशेने गेली. १९१२ मध्ये तिचा ‘क्वीन एलिझाबेथ’ हा चार रिळांचा चित्रपट आला. नाटक म्हणून तो विषय पॅरिसमध्ये पडला होता, चित्रपट चालला. अमेरिकेतले हक्क अ‍ॅडॉल्फ झुकोरने घेतले, आणि त्या यशावर त्याने जी कंपनी उभी केली तिचीच पुढे पॅरामाउंट झाली. धंद्याच्या इतिहासात या चित्रपटाला मोठी जागा आहे. पाहवत मात्र नाही. कॅमेरा थिएटरातल्या मधल्या खुर्चीवर बसल्यासारखा एका जागी. बाई सदुसष्ट वर्षांची, हात आभाळाला लागलेले, ओठ सतत हलताहेत आणि ऐकू काहीच येत नाही. शेवटी राणी मरते, ती समोर रचलेल्या उशांच्या ढिगावर दाणकन पालथी पडते, आणि त्यानंतर सारा बर्नार पुन्हा उभी राहून प्रेक्षकांना अभिवादन करते! टाळ्या कुठे आहेत? समोर एक यंत्र आहे आणि ते फिरवणारा माणूस आहे.

पण मी तिला हसून सोडून देत नाही. आपण काय सोडून जाणार आहोत याची तिला काळजी होती. ध्वनिमुद्रिका केल्या, चित्रपट केले. १९१५ मध्ये एक पाय कापावा लागला, तरी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. १९२३ च्या मार्चमध्ये ती गेली तेव्हा तिच्या घरातच एका चित्रपटाचे काम चालू होते. तिचा आवाज आज ऐकता येतो. दूझेचा येत नाही.

दूझे चित्रपटाकडे वळली तेव्हा तिने रंगभूमी सोडून सात वर्षे झाली होती. १९०९ मध्ये ती निवृत्त झाली. प्रकृती तोळामासा, युद्ध चालू, पैशाची ओढ. इटलीत त्या वेळी चित्रपटाचा सुकाळ होता. लिदा बोरेल्ली, फ्रान्चेस्का बेर्तिनी या नट्यांच्या नुसत्या नावावर चित्र चाले; पडद्याला टेकून, माळेशी खेळत, डोळे मिटून तळमळणे ही त्यांची रीत. १९१४ साली तुरिनमध्येच ‘काबिरिया’ हा अवाढव्य चित्रपट निघाला होता आणि त्यावर कवी दानुन्त्सिओचे नाव मिरवत होते. हा दानुन्त्सिओ म्हणजे दूझेचा एके काळचा प्रियकर. त्याची नाटके तिने स्वतःचे पैसे घालून उभी केली, आणि त्याने कादंबरीत तिच्या उतरत्या वयाचे वर्णन करून त्याची फेड केली. असो. ‘काबिरिया’ला त्याने पाट्यांची भाषा आणि आपले नाव दिले आणि भरपूर पैसे घेतले. त्या झगमगाटात दूझे एक सार्डिनियन खेडवळ बाई निवडते, पांढरे केस तसेच ठेवते, आणि दिग्दर्शक-नट फेबो मारी याच्यासह पटकथेला हात घालते. वय सत्तावन्न.

आता तिने काय केले ते पाहू. चित्रपटाच्या पहिल्या भागात रोझालिया तरुण आहे, आणि तीही दूझेनेच केली आहे. सत्तावन्नाव्या वर्षी तरुणी कशी व्हायचे? बोरेल्लीसारखी नटी असती तर चेहऱ्याला रंग आणि भिंगाला जाळी लावली असती. दूझे तरुण होण्याचा प्रयत्नच करीत नाही. ती दूर जाते, सावलीत जाते, आणि चालते. तरुणपण आहे ते फक्त चालण्यात. मुलाला बापाच्या दाराशी सोडायला नेते तेव्हा तिचा चेहरा आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. ते पोर, तो हात, आणि मग वळलेली पाठ. दुःख दाखवायचे असते तिथे त्या काळचा नट पुढे येई. ही मागे जाते. नाटकातही ती असेच करी, ऐन वाक्याला पाठ फिरवी, असे तिला पाहिलेले लोक लिहून गेले आहेत. पण नाटकात पाठ फिरवली तरी आवाज असे. इथे पाठ म्हणजे निव्वळ पाठ. तरीही ती बोलते, आणि ओठ हलवणाऱ्या एलिझाबेथ राणीपेक्षा स्पष्ट बोलते.

दुसरी जागा आई-मुलाच्या भेटीची. मुलगा झालेला फेबो मारी (दिग्दर्शकही तोच, तेव्हा त्याला अडवणार कोण!) पस्तिशीचा आहे आणि ओपेरात असल्यासारखा धडपडतो. तो जवळ येतो तशी ती आक्रसते. आनंद, लाज, भीती यांपैकी एकही वेगळे दाखवत नाही. हात चेहऱ्याकडे जातात, पण रडण्यासाठी नव्हेत. त्याने आपल्याला पाहू नये म्हणून. शॉने वर्णन केलेली लालीच ही, एकवीस वर्षांनी, गालावरून हातात उतरलेली. फिल्मला रंग दिसत नाही हे तिला कुणी सांगितले होते की नाही, कोण जाणे. पण लाल रंग न दिसणाऱ्या यंत्रापुढे लाज कशी दाखवायची, याचे उत्तर तिने हातांनी काढले आहे.

दूझेच्या चरित्रकारांना या चित्रपटात तिचे आयुष्य शोधायला आवडते. तिचे पहिले मूल तान्हेपणीच गेले. मुलगी एनरिकेत्ता हिला तिने रंगभूमीपासून दूर, वसतिगृहांत वाढवले. म्हणून ही मुलाला टाकणारी आई, असा हिशेब मांडतात. असेलही. पण ज्या नटीला टाकलेले मूल नाही तिने ही भूमिका करूच नये काय? मला या हिशेबातून पडद्यावरच्या त्या हातांविषयी काहीच कळत नाही.

माझी शंका वेगळी आहे. सावलीत राहायचा आग्रह तिचाच होता, हे नोंदलेले आहे. ती कलेची जाण होती, की म्हाताऱ्या चेहऱ्याचा संकोच? दानुन्त्सिओच्या कादंबरीने पोळलेल्या बाईला भिंगाची भीती वाटली असेल तर नवल नाही. आणि तसे असेल तर मी जिला दृष्टी म्हणतो आहे ती निव्वळ लपाछपी ठरते. दोन्ही वेळा चित्रपट पाहून मी या प्रश्नाशी अडलो. आता वाटते ते असे. पहिल्या भागात ती लपते आहे. अंतर जरुरीपेक्षा जास्त आहे आणि प्रसंग त्यामुळे पातळ होतात. दुसऱ्या भागात मात्र रोझालिया म्हातारीच आहे, दूझेला लपवण्यासारखे काही उरलेले नाही, आणि तरीही ती मागेच राहते. तिथे ती निवड आहे. चित्रपट म्हणून ‘चेनेरे’ चांगला नाही, हेही सांगून टाकतो. कथा धावत्या पाट्यांवर ढकलली आहे, बाकीचे नट वाईट आहेत, आणि जिथे कॅमेऱ्याने चार पावले पुढे जायला हवे होते तिथे तो जात नाही. तीन-चार जागा सोडल्या तर बाकीचे जुन्या फोटोंच्या आल्बमसारखे आहे. लोकांनीही तो उचलून धरला नाही, आणि खुद्द दूझेचे समाधान झाले नाही. तिने पुन्हा चित्रपट केला नाही.

याच १९१६ साली इकडे खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांची रुक्मिणी आमच्या आजीपर्यंत पोचली. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ येऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती, पण गंधर्व त्या वाटेला गेले नाहीत. गेले ते बोलपट आल्यावर, कंपनी कर्जात बुडाल्यावर. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, पुरुषवेशात, लोकांना ते रुचले नाही. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीवेश घेतला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. आवाज होता, सूर होता, पण रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जे वीस-तीस हातांचे अंतर असते ते नव्हते, आणि रुक्मिणी राहत होती ती त्याच अंतरात. दूझेकडे आवाज नव्हता, म्हणून तिने ते अंतर हट्टाने चित्रपटात नेले. गंधर्वांना ते नेता आले नाही. नेऊ द्यायला कुणी तयारही नसावे, कारण बोलपटवाल्यांना हवा होता तो चेहरा आणि गाणे. आमच्या गल्लीतल्या आजींनी पाहिलेला खांदा आणि ती मान दोन्ही चित्रपटांत शोधायची तरी कुठे?

दूझे १९२१ च्या मे महिन्यात पुन्हा रंगभूमीवर आली, तेही तुरिनमध्येच, इब्सेनच्या ‘समुद्रावरची बाई’ या नाटकातून. केस पांढरे, चेहऱ्याला रंग नाही. १९२४ च्या सुरुवातीला ती लॉस एंजेलिसला पोचली. प्रेक्षकांत चार्ली चॅप्लिन होता. त्याने आत्मचरित्रात तो प्रवेश सांगितला आहे. एक तरुण इटालियन नट रंगमंचाचा मध्य अडवून उत्तम काम करीत होता. ही एका कोपऱ्यातून आली, पियानोवरच्या परडीतली पांढरी फुले हळूहळू नीट लावू लागली, आणि प्रेक्षकांची नजर त्या नटावरून निघून तिच्यावर गेली. मग ती शेकोटीजवळ जाऊन बसली, विस्तवाकडे पाहत राहिली. त्या तरुणाकडे एकदाच पाहिले. मग हात शेकता शेकता बोलली.

मूकपटाची विद्या ज्याच्या हाडीमाशी होती त्या माणसाने पाहिले ते हे. त्या शहरात त्या वेळी कॅमेऱ्यांना तोटा नव्हता. हा प्रवेश कुणी चित्रित केला नाही. त्याच वर्षी २१ एप्रिलला पिट्सबर्गमध्ये, दौऱ्यावर असतानाच ती वारली.

‘चेनेरे’ आता घरच्या संगणकावर पाहता येतो. दोनदा पाहावा, दुसऱ्यांदा पाट्या न वाचता. फेबो मारीकडे लक्ष गेले तर जाऊ द्यावे, ते जातेच. चॅप्लिनने केले ते करावे, कोपऱ्यात पाहावे.